परवलीचा शब्द व प्रशासकाधिकार, संगणकीय

परवलीचा शब्द व प्रशासकाधिकार, संगणकीय : अनेक व्यक्तींच्या वापरात असलेल्या संगणकावर किंवा परस्परांस जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यावर प्रवेश मागणाऱ्याची ओळख पटविण्यासाठी जी गुप्त वर्णमालिका द्यावी लागते, तिला परवलीचा शब्द किंवा पासवर्ड म्हणतात. अशा यंत्रणेची देखभाल करणाऱ्या व्यक्तीस खाती उघडणे व बंद करणे, कोणतीही फाइल वाचणे वा बदलणे आणि इतरांचे अधिकार ठरविणे यांसाठी जे विशेष अधिकार दिलेले असतात, त्यांस प्रशासकाधिकार म्हणतात. या दोन्ही गोष्टींचा इतिहास परस्परांपासून वेगळा करता येत नाही. परवलीचा शब्द आला तेव्हाच त्या शब्दांची यादी कोणी सांभाळावयाची, हा प्रश्न आला. आणि यादी सांभाळणारा नेमला गेला तेव्हा त्याच्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. १९६० नंतरच्या काळात या क्षेत्रात जी प्रगती झाली, ती मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे शोधण्यातून झाली आहे.

पूर्वपीठिका : परवलीच्या शब्दाची प्रथा मूळची लष्करी पहाऱ्यातील. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पोलिबियस याने रोमन छावणीतील या प्रथेचे सविस्तर वर्णन केले आहे. सूर्यास्ताच्या वेळी प्रत्येक रांगेच्या अगदी टोकाच्या तुकडीतील एक शिपाई ट्रिब्यूनच्या तंबूत जाई व तेथून त्या रात्रीची परवल कोरलेली लाकडी पट्टिका घेई. ती पट्टिका साक्षीदारांसमक्ष पुढील तुकडीच्या नायकाच्या हाती दिली जाई व अशा रीतीने तुकडी-तुकडीतून फिरत ती अंधार पडण्यापूर्वी ट्रिब्यूनकडे परत येई. एखादी पट्टिका परत न आल्यास तिच्यावरील खुणेवरून ती कोणत्या भागात अडकली हे कळत असे व लगेच चौकशी होई. गुप्त शब्द, तो पोहोचविण्याचा ठरावीक मार्ग, देवघेवीस साक्षीदार आणि शेवटी हिशेबाची तपासणी ही चारही अंगे या जुन्या व्यवस्थेत दिसतात. संगणकाच्या क्षेत्रात त्यांतील पहिले अंग प्रथम आले. उरलेली तीन येण्यास बराच काळ लागला.

कालविभागणी प्रणाली : सुरुवातीच्या संगणकावर एका वेळी एकाचेच काम चाले, त्यामुळे यंत्र असलेल्या खोलीचे कुलूप हेच पुरेसे संरक्षण होते. एकाच यंत्राचा वेळ अनेकांना वाटून देण्याची कालविभागणी पद्धती आल्यावर ही स्थिती पालटली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे फेर्नांदो कॉर्बातो (१९२६–२०१९) यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या ‘सीटीएसएस’ या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र फाइली असत व त्याला यंत्राचा ठरावीक वेळ मिळे. एकाच्या फाइली दुसऱ्याने पाहू नयेत व एकाचा वेळ दुसऱ्याने खर्च करू नये, यासाठी परवलीच्या शब्दाचा साधा उपाय योजण्यात आला. संगणकावरील परवलीच्या शब्दाचा हा प्रारंभ मानला जातो.

या उपायातील उणीव लवकरच प्रत्ययास आली. सर्वांचे परवलीचे शब्द यंत्रातील एकाच फाइलीत, जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याला येणारे आठवड्याचे चार तास अपुरे पडू लागले. फाइली छापून मिळण्याची मागणी छिद्रित कार्डाद्वारे करण्याची सोय तेथे होती. त्याने त्या कार्डावर परवलीच्या शब्दांच्या फाइलीचेच नाव दिले आणि दुसऱ्या दिवशी संपूर्ण यादी छापील स्वरूपात त्याच्या हाती पडली. ही गोष्ट त्याने स्वतःच अनेक वर्षांनी उघड केली.

दुसरा प्रसंग त्याच दशकातील असून तो प्रशासकांच्या हातून घडला. सीटीएसएसचा एक प्रशासक परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत असताना दुसरा प्रशासक वापरकर्त्यांसाठी रोजची सूचना लिहीत होता. संपादनाची आज्ञावली तात्पुरत्या फाइलीस नेहमी एकच नाव देत असे, कारण एका वेळी एकच प्रशासक काम करील असे मूळ रचनेत गृहीत धरले होते. परिणामी दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी यंत्रावर प्रवेश करी त्याच्यासमोर रोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले. या प्रसंगात चोर कोणीच नव्हता. गुपित एका जागी साठविले असता ते फुटण्यास दुष्ट हेतूची गरज नसते, हे यातून स्पष्ट झाले.

एकदिश कूटलेखन : यावरील मूलगामी उपाय इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातील टायटन या संगणकावर योजला गेला. रॉजर नीडम (१९३५–२००३) यांनी असे सुचविले, की यंत्राने परवलीचा शब्द मुळी साठवूच नये; त्यावर एक गणिती प्रक्रिया करून मिळणारे कूटरूप तेवढे साठवावे. ही प्रक्रिया अशी निवडलेली असते, की शब्दावरून कूटरूप काढणे सोपे, परंतु कूटरूपावरून मूळ शब्द काढणे व्यवहारतः अशक्य असते. वापरकर्त्याने शब्द दिला की त्याचे कूटरूप पुन्हा काढून ते साठविलेल्या कूटरूपाशी ताडून पाहिले जाते. या पद्धतीचे वर्णन मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांच्या कालविभागणी प्रणालींवरील १९६८ च्या ग्रंथात आले. तिचे महत्त्व केवळ चोरापासून संरक्षण एवढेच नव्हते. यादी सांभाळणाऱ्या प्रशासकालाही तीतील एकही शब्द कळत नाही, ही त्यातील खरी नवी गोष्ट होती.

युनिक्स व सर्वाधिकारी वापरकर्ता : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन (१९४३– ) व डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या ‘युनिक्स’ या प्रचालन प्रणालीने नीडम यांची कल्पना स्वीकारली. परवलीच्या शब्दांची फाइल सर्वांना वाचता येईल अशी ठेवण्यात आली. संरक्षणाचा सारा भार कूटरूपावर टाकण्यात आला. मात्र प्रशासकाधिकाराच्या बाबतीत युनिक्सची रचना अगदी एककेंद्री होती. ज्याचा ओळख-क्रमांक शून्य, तो ‘रूट’ नावाचा वापरकर्ता सर्वाधिकारी होता. इतरांना लागू असणारे फाइलींवरील निर्बंध त्याला लागू होत नसत. यंत्रावर किंवा मर्यादशील अधिकार्‍यांची उतरंड नव्हती; एका बाजूस सामान्य वापरकर्ते व दुसऱ्या बाजूस रूट असे दोनच वर्ग होते. त्यामुळे रूटचा परवलीचा शब्द मिळविणे म्हणजे संपूर्ण यंत्र मिळविणे, असे समीकरण झाले.

कूटरूपावरील भिस्त कितपत योग्य, याची तपासणी रॉबर्ट मॉरिस (१९३२–२०११) व टॉम्पसन यांनी स्वतःच केली व तिचे निष्कर्ष नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ परवलीच्या शब्दांपैकी १५ केवळ एकाच वर्णाचे, ७२ दोन वर्णांचे व ४६४ तीन वर्णांचे होते. शब्दकोशातील शब्द, व्यक्तिनामे यांसारख्या याद्या जमेस धरता एकूण २,८३१ म्हणजे सु. ८६ टक्के शब्द अल्प प्रयत्नांनी हाती लागण्याजोगे होते. कूटरूप उलगडता येत नसले, तरी शब्दकोशातील एकेका शब्दाचे कूटरूप काढून ते यादीशी ताडून पाहता येत होते. दोष गणितात नव्हता, तर माणसाच्या निवडीत होता.

यावर त्यांनी दोन उपाय योजले. पहिला म्हणजे प्रक्रिया जाणूनबुजून मंद करणे. १९७७ मध्ये मान्य झालेली ‘डीईएस’ ही कूटलेखन पद्धती थोडा बदल करून लागोपाठ २५ वेळा वापरण्यात येऊ लागली. खऱ्या वापरकर्त्याला एकदाच थांबावे लागते, पण लाखो शब्द पडताळणाऱ्याला लाखो वेळा. दुसरा उपाय ‘सॉल्ट’ म्हणजे मीठ या नावाने ओळखला जातो. प्रत्येक शब्दात १२ द्विमान अंकांची एक यादृच्छिक संख्या मिसळून मग कूटरूप काढले जाते. त्यामुळे एकाच शब्दाची ४,०९६ भिन्न कूटरूपे संभवतात व आधीच तयार करून ठेवलेली कूटरूपांची सूची निरुपयोगी ठरते. मंद प्रक्रिया व मीठ ही दोन्ही तत्त्वे, अधिक बलवान स्वरूपात, आजही पाळली जातात. संगणकांचा वेग वाढत गेल्यावर मात्र कूटरूपे सर्वांना वाचू देणे धोक्याचे ठरले आणि १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती केवळ रूटला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलीत हलविण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

अधिकारांच्या मर्यादेचे तत्त्व : एमआयटीतील जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संरक्षक यंत्रणांच्या रचनेची आठ तत्त्वे मांडली. त्यांपैकी दोन प्रशासकाधिकाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. पहिले, किमान अधिकाराचे तत्त्व : प्रत्येक व्यक्तीला व प्रत्येक आज्ञावलीला हाती घेतलेल्या कामापुरतेच अधिकार असावेत. दुसरे, अधिकारविभाजनाचे तत्त्व : जे कुलूप उघडण्यास दोन किल्ल्या लागतात, ते एका किल्लीच्या कुलपापेक्षा अधिक सुरक्षित असते. हे दुसरे तत्त्व आपल्याकडील कोषागारांना अपरिचित नाही. तेथील भक्कम खोलीच्या दुहेरी कुलपाच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असण्याची पद्धत जुनी आहे. तिच्यामागे कोणा एका अधिकाऱ्याविषयी संशय नसतो. उलट नुकसान झाल्यास प्रामाणिक अधिकाऱ्यावर किटाळ येऊ नये, हाही तिचा हेतू असतो.

युनिक्सवर या तत्त्वांचा व्यावहारिक अवलंब ‘सुडू’ या आज्ञावलीने झाला. सु. १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफालो येथील संगणकविज्ञान विभागात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी ती तयार केली. तिच्यामुळे रूटचा परवलीचा शब्द अनेकांना सांगण्याची गरज उरली नाही. प्रत्येक साहाय्यक स्वतःच्याच परवलीच्या शब्दाने ओळख पटवितो, नेमून दिलेल्या आज्ञाच रूटच्या अधिकाराने चालवू शकतो आणि कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद होते. परवलीचा शब्द सामाईक असेल तर कृत्याची जबाबदारी कोणावरच निश्चित करता येत नाही, ही जुनी अडचण अशा नोंदींमुळे बरीच दूर झाली.

जाळ्यांचा विस्तार व आघात : १९८० नंतरच्या दशकात संगणक परस्परांस जोडले गेले व एका यंत्रावरील हयगय दुसऱ्या यंत्रास भोवू लागली. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत आढळली. तिचा माग काढताना क्लिफर्ड स्टोल या ज्योतिर्विदाला असे दिसून आले, की पश्चिम जर्मनीतून एक घुसखोर येत असून एका साध्या आज्ञावलीतील दोषाचा फायदा घेऊन तो सर्वाधिकारी बनत आहे व तेथून लष्करी संगणकांकडे वळत आहे. निर्मात्याने यंत्राबरोबर दिलेले प्रशासकाचे परवलीचे शब्द अनेक ठिकाणी बदललेच नव्हते, ही त्यातील सर्वांत बोचरी बाब होती. सामान्य वापरकर्त्यांना शब्द जपण्याचा उपदेश करणारे प्रशासकच या ठिकाणी चुकले होते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सोडलेली स्वयंप्रसारी आज्ञावली इंटरनेटवर पसरली व हजारो यंत्रे ठप्प झाली. तिने वापरलेल्या मार्गांपैकी एक परवलीचे शब्द ओळखण्याचा होता. वापरकर्त्याचे नाव व त्याची रूपे, बरोबर आणलेली ४३२ शब्दांची यादी आणि शेवटी यंत्रातीलच शब्दकोश या क्रमाने ती प्रयत्न करी. एकदा शब्द सापडला की त्या वापरकर्त्यावर विश्वास ठेवणाऱ्या इतर यंत्रांत ती शिरे. या विद्यार्थ्याचे नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. दुबळ्या शब्दांचा धोका १९७९ मध्येच दाखवून देणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांचा तो मुलगा होय. १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा व दंड अशी शिक्षा झाली. वडिलांच्या निबंधातील इशारा नऊ वर्षांनंतरही बहुतेक संस्थांनी अमलात आणला नव्हता, हे या घटनेने सिद्ध केले. तिच्यानंतर त्याच महिन्यात कार्नेगी-मेलन विद्यापीठात अशा आपत्तींच्या निवारणासाठी समन्वय केंद्र स्थापन झाले.

जाळ्यावरून परवलीचा शब्द उघड पाठविणे हाही मोठा धोका होता, कारण वाटेतील कोणालाही तो टिपता येई. एमआयटीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘अथीना’ प्रकल्पातून यावर उपाय निघाला. नीडम व श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेल्या या व्यवस्थेस ग्रीक पुराणातील त्रिमुखी श्वानावरून ‘कर्बरॉस’ हे नाव देण्यात आले. तीत परवलीचा शब्द जाळ्यावरून जातच नाही. एक विश्वासार्ह केंद्र वापरकर्त्याला मर्यादित मुदतीची कूटबद्ध तिकिटे देते व ती दाखवून त्याला निरनिराळ्या सेवा मिळतात. मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत ही पद्धती आजही सर्रास वापरली जाते. तथापि सर्वांच्या गुप्त किल्ल्या त्या केंद्राकडे असल्याने त्याच्या प्रशासकावरील विश्वासाचा प्रश्न येथेही शिल्लक राहिला.

विश्वासाचा प्रश्न : हा प्रश्न किती खोलवर जातो, हे टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात दाखविले. प्रवेश देणाऱ्या आज्ञावलीत चोरवाट निर्माण करणारा बदल भाषांतरक आज्ञावलीतच दडविता येतो व मूळ लिखाण कितीही तपासले तरी तो सापडत नाही, असे त्यांनी सप्रमाण सांगितले. जी आज्ञावली स्वतः लिहिलेली नाही तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

प्रश्नाची व्यवहारातील बाजू जुलै २००८ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे उघड झाली. त्या नगराच्या कारभाराचे जाळे उभारणाऱ्या अभियंत्याने जाळ्याच्या प्रशासकाधिकाराचे परवलीचे शब्द वरिष्ठांना देण्यास नकार दिला. त्याला अटक झाली. जाळे चालू राहिले. परंतु त्यात बदल करण्याचा अधिकार सुमारे बारा दिवस नगराच्या हाती नव्हता. अखेर त्याने ते शब्द कारागृहात भेटीस आलेल्या महापौरांच्या स्वाधीन केले. शब्द मागणारे लोक ते जपण्यास पात्र नव्हते, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. एप्रिल २०१० मध्ये तो दोषी ठरला व ऑगस्टमध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. हा खटला वादग्रस्त राहिला. संपूर्ण नगराचे जाळे एका माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिले, हा दोष मात्र त्या एका माणसाचा नव्हता, तर व्यवस्थेचा होता. तो माणूस आजारी पडता वा मृत्यू पावता, तरी नगर त्याच अडचणीत आले असते.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे एडवर्ड स्नोडेन याने उघड केली. तो तेथे कंत्राटदारामार्फत प्रणाली-प्रशासकाचे काम करीत असे. त्यानंतर त्या संस्थेने प्रशासकांच्या विशिष्ट कामांसाठी दोन व्यक्तींची उपस्थिती आवश्यक करण्याचे ठरविले. १९७५ मधील दोन किल्ल्यांचे तत्त्व असे अनुभवाने पुन्हा स्वीकारले गेले.

अधिकारविभाजनाचा गणिती मार्ग आदी शमीर (१९५२– ) व जॉर्ज ब्लेकली यांनी १९७९ मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढला होता. त्यानुसार एका गुपिताचे अनेक अंश अशा रीतीने करता येतात, की ठरावीक संख्येइतके अंश एकत्र आले तरच ते गुपित उलगडते. त्याहून एकही कमी असल्यास काहीच कळत नाही. अनेकांच्या सहमतीशिवाय किल्ली वापरता येऊ नये, हे तत्त्व इंटरनेटवरील नावांच्या व्यवस्थेतही पाळलेले दिसते. त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या किल्लीचा पहिला विधी जून २०१० मध्ये अमेरिकेतील कल्पेपर येथे झाला. अशा विधीसाठी निरनिराळ्या देशांतील सात विश्वस्तांपैकी किमान तिघांनी हजर राहावे लागते आणि सर्व विधी साक्षीदारांसमोर होऊन त्याची नोंद प्रसिद्ध केली जाते.

आधुनिक धोरणे : परवलीच्या शब्दांविषयीचे नियमही काळानुसार बदलले आहेत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेत शब्द यंत्रानेच तयार करावेत व त्यांना मुदत असावी, असा आग्रह होता. त्यानंतर अंक, चिन्हे व मोठी अक्षरे यांची सक्ती आणि दर काही महिन्यांनी शब्द बदलण्याचा नियम सर्वत्र पसरला. अनुभव असा आला, की लोक जुन्याच शब्दापुढे एक अंक वाढवितात किंवा तो कागदावर लिहून ठेवतात. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये ही सक्ती मागे घेण्याचा सल्ला दिला. शब्द लांब असावा, पूर्वी फुटलेल्या शब्दांच्या यादीत तो नसावा आणि फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलावा, असे नवे धोरण आहे. एकट्या शब्दावर विसंबू नये, हेही सर्वमान्य झाले आहे. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांसाठी ओळखीचा अतिरिक्त पुरावा आवश्यक केला. दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली केलेल्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे.

२०१९ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या एका पद्धतीत परवलीच्या शब्दाची जागा किल्ल्यांच्या जोडीने घेतली आहे. खासगी किल्ली वापरकर्त्याच्या उपकरणातच राहते व सेवा देणाऱ्या यंत्राकडे केवळ जाहीर किल्ली असते. अशा यंत्राच्या प्रशासकाकडे चोरण्याजोगी किंवा चुकून छापली जाण्याजोगी यादीच उरत नाही. नीडम यांनी सुरू केलेली वाट येथे पूर्णतेस जाते. तरीही खाती उघडणारा, अधिकार देणारा व नोंदी जपणारा माणूस यापुढेही लागणारच आहे. त्याच्या प्रामाणिकपणाला पर्याय नाही; परंतु सर्व व्यवस्था केवळ त्याच्यावरच टांगलेली असू नये आणि त्याच्या हातून गेलेली प्रत्येक पट्टिका संध्याकाळी मोजून घेतली जावी, हेच साठ वर्षांच्या अनुभवाचे सार आहे.